कणकेतलं मीठ

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता ते म्हणताना माझा आवाज आपोआप चढतो. हॉलच्या वॉचमनला सांगितलंय, मांडवातल्या आचाऱ्याला सांगितलंय, सत्कार समितीच्या अध्यक्षांना तर दोनदा सांगितलंय. तबल्याला दोन्हीकडे काळी शाई असते आणि ती कायमची असते. पखवाजाला शाई फक्त उजवीकडे. डावीकडे दर वेळी ताजी भिजवलेली कणीक थापायची, वाजवून झालं की खरवडून टाकायची. ती नसेल तर डाव्या हाताला तो खोल, पोटातून येणारा आवाज मिळत नाही. त्याला आम्ही घुमारा म्हणतो.

एवढी साधी गोष्ट आहे. पण मी पंचावन्न वर्षांची बाई, साडी नेसून परात-पाणी घेऊन बसलेली, म्हटल्यावर लोकांना विनोद सुचल्याशिवाय राहत नाही. "ताई, पोळ्या किती जणांच्या?" हा विनोद मी नाशिक रोडपासून पिंपळगाव बसवंतपर्यंत ऐकलाय, आणि प्रत्येकाला वाटतं की तो पहिल्यांदा त्यालाच सुचला. पिंपळगावला एका द्राक्षाच्या पॅकहाउसच्या उद्घाटनाला वाजवायला गेले होते. मालकाच्या आईनं माझा हात धरला आणि थेट मांडवामागे चुलीकडे नेलं. बिचारीचा काही दोष नव्हता. तिनं माझ्या हातात पिठाचा डबा पाहिला होता.

आता बरेच जण डावीकडेही शाई लावलेला तयार पखवाज घेतात. पिशवीतून काढला की वाजवायला सुरुवात. मला आयोजक सांगतात, "मॅडम, तसला आणा ना, स्टेज ओलं होतं." तबल्याच्या शिकवण्यांवर माझं घर चाललं, पखवाजावर कधीच नाही. तरीही मी कणीक सोडली नाही. याला काही लोक निष्ठा म्हणतात. माझे यजमान हट्ट म्हणतात, आणि ते जास्त बरोबर आहेत.

हा हट्ट मला गुरुजींकडून मिळाला. गुरुजी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर होते. माझे वडीलही तिथेच कामाला, आमची क्वार्टरं समोरासमोर. मी चौदा वर्षांची असताना त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. शिकवणीची वेळ त्यांच्या शिफ्टप्रमाणे बदलायची. त्यांनी तरुणपणी एका म्हाताऱ्या बुवांकडून विद्या घेतली होती. बुवा एका मठात एकटे राहायचे आणि त्यांच्याकडे जुन्या, संथ लयीतल्या चार परणी होत्या. परण म्हणजे पखवाजावरची बांधलेली रचना. या चारांत उजव्या हाताला फारसं काम नाही, सगळा भार डाव्यावर. घुमारा वजा केला तर त्यांत काही उरत नाही. बुवांकडून त्या गुरुजींकडे आल्या, गुरुजींकडून माझ्याकडे. तिसऱ्या कुणाकडे त्या नाहीत.

पहिले सहा महिने गुरुजींनी मला वाजवू दिलं नाही. फक्त कणीक लावायची आणि खरवडायची. ते आत जाऊन काकूंच्या परातीतून एक गोळा घेऊन यायचे. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. मी तो गोळा मधोमध चिकटवायची, ओल्या बोटांनी कडेकडे पातळ करत न्यायची. घट्ट झाली तर आवाज गुदमरतो, सैल झाली तर घसरते. गुरुजी एक थाप मारायचे आणि म्हणायचे, "काढ. परत लाव."

एकदा अशीच वैतागून मी बोट चाटलं. खारट लागलं.

"गुरुजी, कणकेत मीठ असतं?"

"असतं," ते म्हणाले.

एवढंच. या एका "असतं"वर मी पुढे काय काय उभं केलं, ते आठवलं की मला आज स्वतःची लाज वाटते. विद्यार्थ्यांना सांगितलं की आपल्याकडे मिठाची कणीक असते, इतरांकडे अळणी. एका परिसंवादात त्यावर वीस मिनिटं बोलले. मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून आमच्या संथ परणी शेवटपर्यंत घुमतात, ही बुवांच्या परंपरेची खूण आहे, वगैरे. लोकांनी वहीत उतरवून घेतलं. स्मरणिकेत छापूनही आलं.

दोन वर्षांपूर्वी गुरुजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तो हात लुळा पडला. कानांनी तर त्याआधीच साथ सोडायला सुरुवात केली होती. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्यानं जवळून मोठ्यानं बोललं तर कळायचं, तेही कमी कमी होत चाललेलं. आता ते आणि काकू जेल रोडला एका फ्लॅटमध्ये राहतात. मी दर रविवारी जायची. एक दिवस त्यांनीच विषय काढला.

"त्या चार वाजवून ठेव कुठं तरी. पक्क्या. आन मला एकदा नीट ऐकव. कान हायेत तवर."

त्यांनी माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

म्हणून मी एका संस्थेला लिहिलं. जुन्या वादनपद्धती जशा होत्या तशा ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचं काम ही संस्था करते. पाच महिने उत्तर नाही. मग एकदम फोन, पुढच्या आठवड्यात येतो, एकच दिवस आहे. गावातला एक हॉल त्यांनी ठरवला आणि आदल्या दिवशी त्यांचे अभ्यासक येऊन दाखल झाले. चाळिशीचे, सभ्य, हातात जाड फाइल. त्यांनी माझा पखवाज उलटापालटा करून पाहिला. दोन्ही तोंडं ताणून धरणाऱ्या वादीचं चामडं पाहिलं, तिच्याखालचे लाकडी गट्टे मोजले. फोनवरचा तानपुरा चालणार नाही म्हणाले, खरा आणला होता. मनगटावरचं घड्याळ काढायला लावलं. मला हे सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत माझ्या वाद्याकडे इतक्या काळजीनं कुणी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "कणकेत काय काय असतं?"

"गव्हाचं पीठ, पाणी, मीठ."

त्यांचं पेन थांबलं. "मिठाचा उल्लेख मला कुठेच सापडलेला नाही, मॅडम. उलट मीठ कातडं खातं असंच सगळे सांगतात. ही नंतरची भेसळ असणार."

भेसळ. मी काय दूधवाली आहे? माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. मी म्हटलं, बुवांपासून चालत आलंय. ते शांतपणे म्हणाले, पुरावा असेल तर मी तसंच नोंदवेन, नसेल तर कणीक अळणी घ्यावी लागेल. मी म्हटलं, पुरावा जिवंत आहे, चला. आणि त्यांना रिक्षात घालून जेल रोडला घेऊन गेले. वाटेत मी एक शब्द बोलले नाही. आपण जिंकणार याची खात्री असली की माणूस गप्प बसतो.

गुरुजी खुर्चीत होते. काकू खाली बसवत नाही म्हणून स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. मी गुरुजींच्या उजव्या कानाशी वाकून ओरडले, "गुरुजी, बुवांच्या कणकेत मीठ होतं ना?"

"कोन?"

"बुवा! त्यांच्या कणकेत मीठ!"

उत्तर काकूंकडून आलं, मेथीवरची नजर न काढता.

"बुवांचं मला काय ठाऊक. आपल्या घरचं इचारत असशील तर मीठ मीच घालायची."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? पोळ्यांची कणीक ती. पोळ्यांत मीठ नको? तेलाचा हात लावायच्या आधी एक गोळा तोडून द्यायची यांना. फर्स्ट शिफ्टचा डबा असायचा, येगळी कणीक भिजवायला येळ कुनाला व्हता?"

अभ्यासकांनी फाइल उघडली नाही, काही लिहिलं नाही. "म्हणजे घरगुती कारण आहे," एवढंच म्हणाले, तेही अगदी हलक्या आवाजात. त्यांनी मला टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

गुरुजींना काय चाललंय ते जरा उशिरा उमगलं. काकूंनी त्यांच्या कानात पुन्हा सांगितलं, तेव्हा ते हसायला लागले. त्यांचं हसू आता अर्ध्याच तोंडावर येतं. म्हणाले, "लगीन झाल्यावर पहिल्यांदा बुवांफुडं वाजवाया गेलो. घरनं गोळा नेलता. बुवांनी डोळे मिटून ऐकलं आन म्हनले, घुमारा बदलला रे तुझा. लगीन मानवलं तुला."

सगळे हसले. अभ्यासकही हसले. मला हसू येत नव्हतं. चूक माझी होती आणि मला राग येत होता तो काकूंचा. एवढी वर्षं या घरात जाते-येते, सांगायचं नाही का एकदा? त्या कुठे सांगणार होत्या, मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. पखवाजाबद्दल विचारायचं ते गुरुजींना, आणि काकूंना विचारायचं ते पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी अळणी कणकेला मान डोलावली. वाद घालायला तोंडच नव्हतं. अभ्यासकांनी जात्यावरचं पीठ आणलं होतं, त्यात मीठ नाही याची त्यांना खात्री होती. मी ते घरीच भिजवून डब्यात ओल्या फडक्याखाली ठेवलं आणि पखवाज मांडीवर घेऊन रिक्षात बसले. द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे रिक्षा अडकली. एका टेम्पोचा ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "मावशी, ढोल व्हय?" मी उत्तर दिलं नाही. एरवी दिलं असतं.

हॉलमध्ये शिरले तर अंगावर काटा आला. एसी असा सोडलेला की शहाळं ठेवलं असतं तर गोठलं असतं. मी म्हटलं, बंद करा, कणीक वाळेल. यंत्रं तापतात, बंद करता येणार नाही, असं ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं सांगितलं. घड्याळ चालत नाही, फोनचा तानपुरा चालत नाही, पण एसी चालतो. जुन्या मठांत बहुधा एसी असावेत.

पहिली परण बरी झाली. दुसरीच्या मध्यावर कणकेवर साय धरल्याचं हाताला कळलं. तिसरीला घुमारा पातळ झाला. डावी बाजू वर वर चढायला लागली, नुसती टपटप. मी थांबले आणि पाण्यात बोटं बुडवली.

"मॅडम, टेक चालूय," यंत्रामागून आवाज आला.

"कणीक वाळलीय. परत लावते."

"चारला दुसरे लोक येणारेत."

मी अभ्यासकांकडे पाहिलं. ते जवळ आले, खरोखर समजुतीनं म्हणाले, "राहू द्या मॅडम. वाळत जाणारा आवाज हाही पद्धतीचाच भाग आहे. पूर्वीही असंच होत असणार."

मी म्हटलं, "पूर्वी वाळली की बुवा उठून परत लावत असतील, आणि चारला कुणी येत नसेल." त्यांनी हात जोडले. ते तरी काय करणार, त्यांनाही वरून कुणीतरी एकच दिवस दिला होता. मी वरवर पाणी फिरवलं, त्यानं कड सुटली. चौथी परण सुटलेल्या कणकेवर वाजवली. ती मी आजही डोळे मिटून ऐकू शकत नाही.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. जिन्याखाली चहाचं कँटीन होतं. तिथे टेबलावर मिठाची डबी होती, येताना मी ती पाहिली होती. दुसरी परण संपल्यावर मला ती आठवली. खाली जायला दोन मिनिटं लागली असती. अभ्यासकांशी भांडून का होईना, चिमूटभर मीठ घालून कणीक परत मळता आली असती, चार वाजायच्या आत तेवढं जमलं असतं. मी गेले नाही. कारण मिठाला आता परंपरा नव्हती. ते फक्त काकूंच्या डब्याच्या घाईतलं मीठ होतं, आणि त्यासाठी भांडायची मला लाज वाटली.

तीन आठवड्यांनी ध्वनिमुद्रण आलं. वर मथळा होता, मूळ पद्धतीनुसार. मी चांगले हेडफोन विकत घेतले आणि रविवारी गुरुजींच्या डोक्यावर चढवले, आवाज पूर्ण वाढवून. पहिल्या परणीला त्यांचं डावं बोट खुर्चीच्या हातावर हलत होतं. दुसरीत थांबलं. तिसरी अर्धी झाली असेल, त्यांनी डाव्या हातानं हेडफोन खाली ओढले.

"हात तुझा हाय," ते म्हणाले. "कनीक कुनाची?"

मी ओरडून ओरडून सांगितलं. अळणी होती, एसी होता, वेळ नव्हता. त्यांना किती ऐकू गेलं कुणास ठाऊक. त्यांनी मान हलवली, "बरं," म्हणाले आणि हेडफोन माझ्या मांडीवर ठेवले. राहिलेलं ऐकायचं त्यांनी नाव काढलं नाही. घरी येताना मी रिक्षात रडले. राग आला की मला रडू येतं, लहानपणापासूनचं आहे.

संस्थेला लिहिलं, पुन्हा घ्या. उत्तर आलं की नोंद पूर्ण झाली आहे, सहकार्याबद्दल आभार.

पुढच्या रविवारी मी पखवाजच उचलून जेल रोडला गेले. फोनवर का होईना, चार परणी नीट घ्यायच्या होत्या. काकूंना म्हटलं, कणीक भिजवून द्या, पूर्वीसारखी. त्यांनी हात पुढे केले. बोटांची पेरं सुजून वाकडी झालेली. "दोन वर्सं झाली, पोळ्या पोळीभाजी केंद्रातनं येत्यात," त्या म्हणाल्या. "तू मळ. मी सांगते."

मी पीठ घेतलं, आणि अभ्यासकांसारखीच कागद-पेन घेऊन बसले.

"मीठ किती?"

"अंदाजानं."

"म्हणजे किती? चिमूट? दोन?"

"चवीपुरतं घालायचं गं."

"कोणाच्या चवीपुरतं, काकू? पखवाजाच्या?"

"तुला घरी पोळ्या करता येत्यात ना?" त्या आता चिडल्या होत्या. "मंग हे काय लिवून घेती?"

मी पेन ठेवलं. मीठ घातलं, पाणी घातलं, मळायला लागले. काकूंनी वाकड्या बोटानं कणकेचा कण उचलून जिभेवर ठेवला. "आजून." मी घातलं. पुन्हा चाखलं. "पानी कमी. थांब. आता थोडं. हां, तेल नको, तोड आता." मी गोळा तोडून डाव्या तोंडावर चिकटवला, थापला, कडेला पातळ केला. फोन स्टुलावर उभा केला, बटण दाबलं आणि गुरुजींच्या उजव्या कानाला अगदी खेटून बसले.

चारही वाजवल्या. घाई केली नाही. पंखा बंद होता, घाम गळत होता, कणीक मऊच राहिली. चौथीच्या शेवटच्या थापेनंतर डाव्या बाजूचा आवाज खोलीत बराच वेळ होता. मला तो मांडीत जाणवत होता.

तो विरल्यावर मी फोनकडे पाहिलं. काचेवर माझ्या बोटाएवढी कणीक चिकटली होती. ओल्या बोटानं दाबलेलं बटण लागलंच नव्हतं. काहीही उतरलं नव्हतं. संस्थेच्या कपाटात ती अळणी टपटप कायमची राहणार होती, आणि हे कुठेच नव्हतं. मी स्वतःला शिवी देणार होते, ती तोंडातच राहिली, कारण गुरुजी काहीतरी म्हणत होते. माझ्याकडे बघून नाही, काकूंकडे बघून.

"तुझी हाय ही," ते म्हणाले. "कनीक."

काकूंनी परातीला लागलेलं पीठ बोटानं खरवडायला घेतलं.

"कळाया म्हातारपन यावं लागलं तुमाला," त्या म्हणाल्या.